पांढऱ्या हिमनद्यांचे व्यंकट सर

व्यंकट सरांनी जन्मभर जेवढा बर्फ रंगवला, तेवढा आता हिमालयात तरी शिल्लक असेल का, याची मला शंका आहे. आणि हा सगळा बर्फ त्यांनी पाहिला होता कुठे, तर लातूरच्या बसस्टँडजवळच्या रसवंतीवर. उन्हाळ्यातल्या दुपारी ते तिथे जायचे, रस मागवायचे नाहीत, नुसता ग्लासभर बर्फ मागवायचे. त्यातला एक खडा बोटांत धरून उन्हाकडे करायचे, एक डोळा मिटायचे आणि पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत येईस्तोवर बघत राहायचे. रसवंतीवाला कंटाळून म्हणायचा, "सर, रस तरी घ्या की." सर म्हणायचे, "थांब जरा, मी अभ्यास करून राहिलो." ही एक गोष्ट सोडली, तर त्या माणसाने कशाचा अभ्यास केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी भूगोल. एकाच स्टाफरूममध्ये आमची नोकरी सरली. मी नांदेडची, ते किनवटकडचे, त्यामुळे "आपण एका जिल्ह्याचे" असं ते मला अधूनमधून ऐकवायचे. मला त्यात फारसा अभिमान वाटायचा नाही. पांढरा सफारी, पांढरे बूट, केसांना कलप आणि खिशाला पेनासारखा लावलेला बारीक ब्रश. त्या ब्रशाला कधी रंग लागलेला मी पाहिला नाही. रंग लागायचे ते ब्रश पोरं धुवायची. साहेब तपासणीला आले की सर हात मागे बांधून म्हणायचे, "बर्फाला रंग नसतो साहेब, बर्फाला दर्जा असतो." साहेब मान डोलवायचे. याचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सरांची पंचाईत झाली असती.

दुसऱ्याच्या चित्राला मात्र त्यांच्याकडे दर्जा नसायचा. पोरांचा कागद ते दोन बोटांत धरून उचलायचे, मेलेला उंदीर उचलावा तसे, आणि अख्ख्या वर्गाला दाखवून म्हणायचे, "हे काय हाय? ह्याला घरी न्या अन् पाणी तापवायला जाळा." पोरं हसायची. ज्याचा कागद असायचा तो खाली बघायचा. दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांपैकी कोणाचा तरी नंबर लागायचा.

त्यांच्याविषयी माझं मत कायमचं ठरलं ते भूकंपानंतर. तेव्हा आम्ही दोघं नोकरीत नवे होतो. पडलेल्या गावांत पत्र्याच्या शाळा उभ्या राहिल्या होत्या, तिथे शिकवायला आमच्या संस्थेने काही शिक्षक पाठवले, त्यात मी होते. त्या गावात धोंडिबा नावाचे एक म्हातारे होते. आपल्या पडलेल्या घराच्या दगडांवर ते रोज सकाळी येऊन बसायचे. त्यांची सून आणि नातवंडं त्या दगडांखालून काढली होती. कोणाशी बोलायचे नाहीत, कोणाला त्रास द्यायचे नाहीत, नुसते बसायचे.

एका सकाळी व्यंकट सर लुनावर चित्राचा बोर्ड बांधून तिथे आले. त्यांच्या स्वतःच्या गावची कौलंसुद्धा हलली नव्हती, पण चेहरा असा की सगळं त्यांचंच गेलंय. इकडेतिकडे फिरले आणि धोंडिबांपाशी येऊन म्हणाले, "काका, जरा त्या दगडामागं बसता का? अन् नुसता हात वर करा. बोटं अशी पसरून."

धोंडिबांनी हात वर केला. "असा?"

"जरा ताठ."

मी पोरांना पाढे म्हणायला लावून बाहेर आले, तेव्हा ते म्हातारे दगडाआड बसून एका हाताला दुसऱ्या हाताचा टेकू देत होते. मला बघून हळूच म्हणाले, "झालं का न्हाई बाई त्यांचं? हात भरून आला."

मी सरांना तिथून जायला सांगितलं. सर ब्रश न थांबवता म्हणाले, "कांबळे बाई, हे जगाला कळाया पाहिजे." जगाला म्हणजे कोणाला, तर मदत वाटायला आलेल्या एका पुढाऱ्याला. त्याला ते चित्र काचेच्या फ्रेममध्ये भेट दिलं आणि सोबत फोटो काढून घेतला. मग तोच दगड आणि तोच हात सरांनी आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्यासाठी काढला. एका चित्रात त्या हाताला सहा बोटं झाली होती, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. धोंडिबांना मात्र कोणी ते चित्र दाखवलं नाही. पुढे नवी गावं वसली, पाहुणे यायचे बंद झाले आणि सरांचा भूकंप संपला.

तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. कंधारहून, उमरीहून, पार कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. घरमालकांनी गोठे पाडून होस्टेलं बांधली. डॉक्टर-इंजिनिअर करणाऱ्या क्लासच्या गर्दीत सरांनी आपलाही एक क्लास काढला. चित्रकलेची सरकारी परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव मार्क मिळतात, त्या मार्कांसाठी. ज्या पोरांना रंगपेटी उघडायचाही कंटाळा, त्यांचे आईबाप सरांच्या दारात रांग लावून उभे राहायला लागले.

त्याच सुमाराला दिल्लीकडचे कोणी मोठे अधिकारी टाऊन हॉलमध्ये भाषण देऊन गेले. हवामान बदलतंय, हिमनद्या वितळतायत, असं बरंच बोलले. मी पहिल्या रांगेत टिपणं काढत बसले होते. सर माझ्या शेजारी होते, त्यांनी काही लिहून घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "ह्यात लई दम हाय, बाई." आठवड्याभरात स्टाफरूमच्या भिंतीवर त्यांची पहिली हिमनदी लागली. वर दुधासारखे डोंगर, मधून वळणं घेत येणारा निळा-पांढरा पट्टा, आणि खाली बर्फाच्या तुकड्यावर बसून रडणारं पांढरं अस्वल. हिमालयात हे अस्वल नसतं, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "रडायला कुणीतरी लागतंयच की."

मग त्या हिमनदीने गाव व्यापलं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे भिंत रिकामी तिथे सरांचा बर्फ. सगळ्यात मोठी हिमनदी त्यांनी एका क्लासच्या इमारतीवर बाहेरून रंगवली, गच्चीपासून जमिनीपर्यंत. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात आमच्या भागातला टँकर नेमका त्या भिंतीपुढे उभा राहायचा. खाली बाया नंबरावरून भांडायच्या आणि वर निळं पाणी वाहत असायचं. आपल्या चित्राखाली गर्दी जमते म्हणून सर तिथे रोज चक्कर मारायचे. एकदा घागर घेऊन बसलेल्या एका म्हातारीने त्यांना विचारलं, "हे एवढं पानी कुठलं म्हनायचं, बाबा?"

सरांनी तिला हिमनदी समजावून सांगितली. बर्फ, उंची, हजारो वर्षं, सगळं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तुझं ते हितं कशाला दाखवून राहिलास? आमी तहानेलं हाव." सर तिथून निघाले ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "लोकांना कलेची जाण न्हाई."

दुसऱ्या वर्षी मुंबईच्या एका संस्थेने शाळकरी मुलांसाठी चित्रांची स्पर्धा ठेवली. विषय हिमनदी. बक्षीस असं की जिंकणाऱ्या मुलाने आपल्या मार्गदर्शक शिक्षकाला सोबत घेऊन खरी हिमनदी पाहायला उत्तराखंडात जायचं. स्पर्धेचं पत्रक सरांनी घडी घालून ब्रशाशेजारी खिशात ठेवलं. मी समोरच बसले होते, मला दिसलं. दिवसभर कोणावर ओरडले नाहीत. शाळा सुटताना मला म्हणाले, "बाई, एवढ्या काढल्या, पण एकदा खरी बघायची हाय. बाकी मला काई नको." या माणसाला काहीतरी मनापासून हवं असू शकतं, याचं मला नवल वाटलं.

पण हवं असलं तरी ते मिळवायची रीत सरांचीच. क्लासमध्ये ते कोणाला चित्र काढू द्यायचेच नाहीत. फळ्याला एक आदर्श चित्र टाचलेलं असायचं आणि पोरांनी ते पाठ करायचं. आधी डोंगर, मग नदी, मग अस्वलाचे कान, नाक आणि शेवटी अश्रू. डाव्या डोळ्यातून दोन, उजव्यातून एक. घरी जाऊन दहा वेळा काढून आणायचं. गणितं, व्याख्या, उत्तरं सगळं याच पद्धतीने पाठ करणाऱ्या पोरांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. स्पर्धेसाठी सरांनी नवं आदर्श चित्र केलं आणि ते वाळत असताना त्यांचाच चहाचा कप त्यावर ठेवला गेला. उजव्या कोपऱ्यात तपकिरी गोल उमटला. सरांच्या ते लक्षात आलं नाही. पोरांच्या आलं. पोरांनी तो गोलही पाठ केला. हुशार पोरांनी कंपासने काढला.

क्लासचा सगळा गठ्ठा मुंबईला गेला आणि काही दिवसांनी शाळेत फोन आला. फोन मीच घेतला होता. पलीकडच्या बाई अगदी नम्रपणे विचारत होत्या, की तुमच्या लातूरच्या सगळ्या मुलांनी आकाशात एक तपकिरी वर्तुळ काढलंय, ते काय आहे? मी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी प्रश्न ऐकून घेतला. मग छाती काढून म्हणाले, "ते ओझोनला पडलेलं भोक आहे."

स्टाफरूममध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांना काही वाटलं नाही. ओझोनचं भोक वेगळं आणि बर्फ वितळणं वेगळं, असं मी त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "तुमचा भूगोल पुस्तकातला हाय, बाई." पुढच्या बॅचपासून तो डाग अभ्यासक्रमात आला. ओझोनचं भोक, गोल, तपकिरी, कड गडद. मुंबईने मात्र तो गठ्ठाच्या गठ्ठा बाद केला.

बक्षीस मिळालं ते शबानाला. ही आमच्या शाळेतली नववीतली मुलगी, सरांच्या क्लासला न जाणारी. तिचे वडील मौलाभाई हातगाड्यावर बर्फाच्या लाद्या घेऊन लग्नाकार्यांत पोचवायचे. तिच्या चित्रात तो गाडा होता. गोणपाटात गुंडाळलेली लादी, त्याला चिकटलेला लाकडाचा भुसा, गाड्यामागे रस्त्यावर उमटत गेलेली ओली रेघ, आणि गाड्याच्या बाजूने वाकून, कळशी धरून पळणारी एक बाई. खाली लिहिलं होतं, हिमनदी. मी भूगोल शिकवण्यात इतकी वर्षं घालवली, पण मुलांना जे सांगायचं होतं ते मला असं सांगता आलं नव्हतं.

तिने ते आधी सरांना दाखवलं होतं, वर्गात, सगळ्यांसमोर. मी शेजारच्या वर्गावर होते, मधलं दार उघडं होतं.

"म्या हिमनदी सांगितली, अन् तू बापाचा गाडा काढून आणलीस," सर म्हणाले. "ह्यात निळा कुठं हाय?"

"आमचा बर्फ निळा न्हाई, सर."

"म्हणून तर तो बर्फ न्हाई." आणि दोन बोटांत धरून तो कागद त्यांनी सोडून दिला. तिने तो उचलला, झटकला आणि मधल्या सुट्टीत माझ्याकडे आणून दिला. मी शाळेचा शिक्का मारून पाठवला.

निकाल आला त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सर कमरेपासून वर, हात छातीशी बांधलेले, पाठीमागे त्यांचीच हिमनदी. मजकूर असा, की लातूरच्या कलेचा झेंडा हिमालयावर. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी शबाना, तिचं नावही चुकलेलं. मला त्या माणसाची किळस आली. मार्गदर्शक म्हणून कोणाचं नाव द्यायचं हे अजून शबानाने कळवायचं होतं, आणि ती माझं नाव देणार, असं सगळी शाळा धरून चालली होती. मीही मनातून तेच धरून चालले होते, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या घरी आले. सफारी नव्हता, साधा शर्ट होता आणि कलप उतरलेला. चहा घेतला नाही. दारातल्याच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आश्रमशाळेत होतो किनवटकडं. उन्हाळ्यात ताप डोक्यात गेला. बोलायचं बंद झालो. आमच्या मास्तरांनी आदिलाबादहून रेल्वेनं बर्फ आणला, डब्यात घालून. येईस्तोवर मुठीएवढा राहिला होता. तेवढा कपाळावर ठेवला." त्यांचा हात कपाळाकडे गेला. "तवापासून बघायचं हाय, हे येतं कुठून. पोरगी तुमचं ऐकती, बाई. तिला माझं नाव द्यायला सांगा." आणि तो माणूस माझ्या दारात रडला.

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, "तिच्या मनात येईल ते ती करील. मी सांगणार नाही."

आणि मी सांगितलं नाही. शबानाने आपणहून सरांचं नाव दिलं. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "त्यांनी इतक्या काढल्या, बाई. एकदा बघितली तर पुढच्या पोरांना तरी बरोबर सांगतील." चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला जेवढी आशा असते तेवढी तिला होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, की होईल. खरी वस्तू समोर आल्यावर कोणाचंही खोटं किती टिकणार? फक्त मौलाभाईंनी एक अट घातली, की सोबत बाई पाहिजे. अशी मी त्या प्रवासाला गेले.

शेवटचा टप्पा चालत होता. सरांनी दोन स्वेटर, माकडटोपी आणि पांढरे बूट घातले होते. दम लागत होता तरी घोड्यावर बसायला तयार नव्हते. शबाना पुढे जाऊन थांबायची आणि म्हणायची, "या सर, आलंच." ते मान हलवायचे. वाटेत कोणाला नावं ठेवली नाहीत. इतके साधे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

आणि मग एका वळणानंतर ती आली. समोर राखाडी-काळ्या रंगाची एक भिंत उभी होती. दगडगोटे, वाळू, माती सगळं तिच्यात रुतलेलं. जागोजाग तडे, तड्यांतून गढूळ पाणी ठिबकत होतं, आणि खालून चहाच्या रंगाची नदी गर्जत बाहेर पडत होती. मी आयुष्यभर पुस्तकातून शिकवलेली गोष्ट माझ्यासमोर होती. लांब, तिच्या पार पलीकडे, एक पांढरंशुभ्र शिखर उन्हात चमकत होतं.

सर वाटाड्याला म्हणाले, "ग्लेशियर किधर है?"

"यही तो है, साहब." त्याने मागे, आम्ही मघाशी ओलांडून आलेल्या एका मोठ्या दगडाकडे बोट दाखवलं. "मैं छोटा था तब वहाँ तक थी."

"आगे और है क्या? साफवाली?"

"यही है, साहब."

सर हळूहळू त्या भिंतीजवळ गेले. तळवा तिच्यावर टेकला आणि तसेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. शबानाने माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हटलं, बघ बाबा, आता तरी नीट बघ. हीच ती, कुठून येतं ते हेच. त्या अर्ध्या मिनिटात मी त्यांचं सगळं माफ करायला तयार होते, धोंडिबांचा हातसुद्धा.

सरांनी तळवा काढून पाहिला. त्याला चिखल लागला होता. खिशातून रुमाल काढून त्यांनी तो बोटाबोटांतून पुसला, रुमालाची घडी घातली, टोपी काढून केसांवरून हात फिरवला आणि मोबाइल शबानाच्या हातात दिला.

"ह्या अंगानं, खालून काढ," ते म्हणाले. "ते मागचं पांढरं शिखर येऊ दे. हे काळं येऊ देऊ नको."

शबाना म्हणाली, "सर, मग हिमनदीच येत न्हाई."

"नाही आली तर नाही आली. लोकांना काय कळतंय?" आणि सर चार पावलं वर सरकून, त्या भिंतीकडे पाठ करून, हात छातीशी बांधून उभे राहिले. शबाना बराच वेळ मोबाइल धरून थांबली. त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही, तेव्हा तिने फोटो काढला.